टेक्क्योन खरंच दोन हजार वर्षं जुनं आहे का?

पिवळापट्टा

तायक्वांदोच्या पट्ट्याच्या परीक्षेत आम्हाला तोंडी प्रश्न असतात. सरांनी दिलेल्या झेरॉक्समध्ये लिहिलंय की तायक्वांदो ही दोन हजार वर्षांची कला, तिचं मूळ रूप टेक्क्योन, आणि कोगुर्यो या प्राचीन कोरियन राज्यातल्या थडग्यांत तिची चित्रं सापडतात. मुकाट्याने पाठ केलं.

मग सहज टेक्क्योनचे व्हिडिओ शोधले आणि चक्रावलो. सैल कपड्यांतली दोन माणसं गुडघे लववत झुलतायत, हात वाऱ्यावर सोडल्यासारखे हलतायत, तोंडाने “इक्! एक्!” असं काहीतरी चाललंय. नाच आहे की काय म्हणेपर्यंत त्यातला एक उताणा. दुसऱ्याने पाय कधी अडकवला ते व्हिडिओ मागे नेऊन बघावं लागलं. आमच्या वर्गात यातलं काहीही नाही. आमचा पवित्रा वेगळा, मुठी वेगळ्या, किक मारायची तऱ्हा वेगळी.

हे जर मूळ असेल तर आमच्यात त्यातलं उरलं काय? आणि जपान्यांनी बंदी घातली होती म्हणतात, तर हे टिकलं कसं? कुणाला नीट माहिती असेल तर सांगा. झेरॉक्सच्या पलीकडची हवी आहे.

खडूस_काका

सगळ्याच मार्शल आर्ट दोन हजार वर्षांच्या असतात. एखादी साडेतीनशे वर्षांची मला अजून भेटायची आहे. परीक्षेत सर सांगतात तेच बोला, पट्टा पदरात पाडून घ्या, मग इथे येऊन वाद घाला.

मृ_सोलहून

काकांचा सल्ला व्यवहारी आहे, पण प्रश्न चांगला आहे म्हणून लिहिते. मी नोकरीनिमित्त सोलमध्ये राहते. इथे संध्याकाळच्या टेक्क्योनच्या वर्गाला जायचे, गुडघ्याने असहकार पुकारला तेव्हा थांबले. खेळाडू म्हणून माझी लायकी शून्य आहे, पण त्या निमित्ताने वाचन बरंच झालं.

आधी थडग्यांचं. मुयोंगछोंग नावाचं कोगुर्यो काळातलं थडगं आहे, आज ते चीनच्या हद्दीत जिआनला येतं. त्यात जवळजवळ उघडी दोन माणसं समोरासमोर हात पुढे करून उभी आहेत. चित्र सुंदर आहे, पण शेजारी खेळाचं नाव लिहिलेलं नाही. त्यामुळे तायक्वांदोवाले ती जोडी आपली म्हणतात, टेक्क्योनवाले आपली म्हणतात, आणि जोडी बिचारी काहीच बोलत नाही.

त्यानंतरच्या कोर्यो राज्याच्या काळात सुबाक नावाचा झुंजीचा खेळ होता, त्याची मात्र पक्की नोंद आहे, आणि काय नोंद आहे! ११७० साली राजा उइजोंगने बोह्यॉनवॉनला जाताना वाटेत सैनिकांचे सुबाकचे सामने लावले. यी सो-उंग नावाचा वयस्कर सेनानी तरुण गड्यापुढे टिकेना, म्हणून मागे सरला. तेव्हा हान र्वे नावाच्या दरबाऱ्याने पुढे होऊन त्याच्या थोबाडीत मारली, म्हातारा पायऱ्यांवरून खाली पडला आणि राजासकट सगळे हसले. लष्कराचे लोक दरबाऱ्यांवर आधीपासून खार खाऊन होतेच. त्या रात्री कत्तल झाली, राजाची गादी गेली, आणि पुढे शंभर वर्षं कोर्योमध्ये लष्करी सरदारांची सत्ता चालली. आता एवढा गाजलेला खेळ म्हटल्यावर प्रत्येकाला तो आपला पूर्वज हवा असतो. पण सुबाक प्रामुख्याने हातांचं, टेक्क्योन पायांचं. दोघांना जोडणारा लेखी धागा मिळतो तो थेट १७९८ मध्ये. यी मान-योंग यांच्या ‘जेमुलबो’ या कोशात सुबाकच्या नोंदीत ‘हल्लीच्या ताकग्योनसारखं’ (म्हणजे टेक्क्योनसारखं) अशा अर्थाचा शेरा आहे. बस, एवढंच.

त्यानंतर मात्र पुरावे भराभर येतात. १८४६ चं ‘देक्वेदो’ नावाचं चित्र आहे, यू सुक यांचं मानलं जातं. मोकळ्या जागेत माणसं गोल करून बसलीयत, मध्ये एक जोडी सिरुम म्हणजे कोरियन कुस्ती खेळतेय आणि दुसरी टेक्क्योनच्या पवित्र्यात उभी आहे. कडेला दारू विकणारा आहे, चिकीवाला आहे. मला या चित्रातली गर्दीच जास्त आवडते. वेगवेगळ्या वयाची, वेगवेगळ्या टोप्यांची माणसं निवांत बसलीयत. मठ नाही, गुरू नाही, गुप्त विद्या नाही. १८९५ मध्ये स्ट्युअर्ट क्युलिन या अमेरिकन माणसाने कोरियन खेळांवर पुस्तक काढलं, त्यातही हा लाथांचा खेळ म्हणून आहे, फ्रेंचांच्या सावातशी तुलना करून. खेळांच्या पुस्तकात, हे लक्षात घ्या.

म्हणजे हाती लागणारा लेखी पुरावा सव्वादोनशे वर्षांचा. माझ्या मते तेवढा भरपूर आहे.

खेळ कसा होता तेही सांगते. सोलच्या तटबंदीच्या आतबाहेरच्या वस्त्यांमध्ये सामने व्हायचे, विशेषतः दानोच्या सणाला. या वस्तीचे खेळाडू विरुद्ध त्या वस्तीचे. सुरुवात लहान मुलांपासून, मग हळूहळू मोठे उतरायचे. जिंकलेला मैदानात थांबायचा, हरलेल्या बाजूने पुढचा गडी पाठवायचा. समोरच्याला पाडलं किंवा त्याच्या तोंडावर पाय लागला की निकाल. आणि एक नियम मला फार लोभस वाटतो. एक पाय पुढे, समोरच्याच्या टप्प्यात ठेवायचाच. दूर पळून सुरक्षित राहायची सोय नाही. ‘घे, मार’ म्हणून पाय पुढे द्यायचा आणि तो मारायला आला की काढून घ्यायचा. तुम्हाला जो नाच वाटला तो त्यातून येतो. पावलं त्रिकोणात पडत असतात, गुडघा लवतो, कंबर पुढे जाते, आणि पुढे ठेवलेला पाय क्षणोक्षणी बदलतो. नवख्याला यातलं काहीच जमत नाही. आमचे शिक्षक मला सारखे म्हणायचे, “खांदे सोडा.” खांदे काही सुटले नाहीत.

लाथही ढकलल्यासारखी मारायची. सरळ, टोचून मारलेली लाथ सामन्यात निषिद्ध होती, कारण उद्या त्याच माणसाशी विहिरीवर गाठ पडणार असायची.

बंदीचं आणि टिकण्याचं नंतर लिहिते, आत्ता मीटिंग आहे.

इतिहासवेडा

मृताई, उत्तम. पण बंदीवर येताना जरा सावकाश. सगळं खापर जपान्यांवर फोडायची सोय आहे, तीत एक खोट आहे. चोई योंग-न्यॉन यांनी १९२१ मध्ये लिहिलेल्या आणि १९२५ मध्ये छापलेल्या ‘हेदोंग जुकजी’मध्ये या खेळावर कविता आणि टीप आहे. त्यात म्हटलंय की लोक याने सूड उगवायचे, पैजेवर दुसऱ्याची रखेल जिंकून न्यायचे, म्हणून अधिकाऱ्यांनी तो बंद पाडला. यात जपानी कुठेच नाहीत.

मृ_सोलहून

अगदी बरोबर, तीच टीप मी देणार होते. म्हणजे खेळाला ओहोटी दोन्हीकडून लागली. जुगार आणि भांडणं म्हणून आधीच वरच्यांची नजर वाकडी, त्यात १९१० नंतर जपानी राजवट आली आणि गर्दी जमवणारी कुठलीही गोष्ट पोलिसांना खुपायला लागली. शिवाय शहर बदललं. मुलं फुटबॉल खेळायला लागली. हे मी उगाच म्हणत नाही, ज्या माणसामुळे टेक्क्योन आज आहे तो स्वतः फुटबॉल खेळायचा.

सोंग दॉक-गी. जन्म १८९३. घर साजिक-दोंगला, इन्वांगसान डोंगराच्या पायथ्याशी, राजवाड्याच्या पश्चिमेला. लहानपणी त्याच भागातल्या इम हो यांच्याकडे टेक्क्योन शिकले. पुढे शेजारच्या ह्वांगहाकजॉंगच्या धनुर्विद्येच्या मैदानावर नियमित बाण मारणारे म्हणून लोक त्यांना ओळखायचे. ते मैदान आजही आहे. मी एका रविवारी साजिक पार्कच्या मागून चढून गेले होते. म्हातारी माणसं कोरियन धनुष्य घेऊन शांतपणे उभी, दूरवर लक्ष्याच्या फळ्या, आणि बाण लागल्याचा ठक् आवाज. टेक्क्योनची खूण म्हणावी असं तिथे काही दिसलं नाही. पण या डोंगराच्या अंगाखांद्यावर पोरं एकमेकांना पाडत होती एवढं डोळ्यांपुढे आलं.

१९५८ मध्ये राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांच्या वाढदिवसाला सोंग यांनी टेक्क्योन करून दाखवलं. तेव्हा ते पासष्ट वर्षांचे. तोवर हा खेळ जाणणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती, आणि समोर उभं करायला जोडीदार शोधावा लागत होता. विचार करा. वस्त्याच्या वस्त्या ज्या खेळाला जमायच्या, त्याला आता दुसरा माणूस मिळेना.

मग १९७० च्या सुमारास शिन हान-सुंग आले. छुंगजू शहरातले, १९२८ चा जन्म, मूळचे कुस्तीगीर. ते सोंग यांच्याकडे शिकले, इतर एकदोन वृद्ध खेळाडूंनाही जाऊन भेटले, आणि सरकारदरबारी नोंद व्हावी म्हणून वर्षानुवर्षं खेटे घातले. १ जून १९८३ ला टेक्क्योन राष्ट्रीय अमूर्त वारसा म्हणून जाहीर झालं, क्रमांक ७६, आणि दोघांनाही अधिकृत वारसदार नेमलं. पुढे चार वर्षांनी, जुलै १९८७ मध्ये, जेमतेम तीन आठवड्यांच्या अंतराने दोघंही गेले. आधी एकोणसाठ वर्षांचे शिन, मग चौऱ्याण्णव वर्षांचे सोंग. नोंद चार वर्षं उशिरा झाली असती तर आज आपण कशावर बोलत असतो कुणास ठाऊक.

२०११ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव गेलं. त्या यादीत नोंदली गेलेली ही पहिली मार्शल आर्ट.

किकबहाद्दर

मी बरीच वर्षं तायक्वांदो करतो, म्हणून विचारतो. तुम्ही दोघं परंपरेलाच सुरुंग लावताय. तायक्वांदो टेक्क्योनमधून आलं हे आम्ही सगळेच शिकलोय. नाहीतर लाथांवर एवढा भर आला कुठून? कराटेत इतक्या लाथा नाहीत.

मृ_सोलहून

सुरुंग नाही हो, फक्त कागद तपासतेय. तुम्ही शिकलात ते अधिकृत पुस्तकांतही बराच काळ तसंच छापलं जायचं, त्यामुळे तुमच्या सरांचा काही दोष नाही.

पण गुरु-शिष्यांची साखळी बघा. १९४४ मध्ये ली वॉन-गुक यांनी सोलमध्ये छुंगदोग्वान नावाची शाळा सुरू केली. ते जपानमध्ये फुनाकोशींकडे कराटे शिकून आलेले. १९४५ नंतर आणखी शाळा निघाल्या, त्यांतल्या बहुतेक संस्थापकांचं शिक्षण जपानमधलं किंवा मांचुरियातलं. विद्येला नावंही तांगसुदो, कोंगसुदो अशी, म्हणजे कराटेच कोरियन उच्चारात. यातलं कुणीही सोंग दॉक-गी यांच्याकडे शिकलेलं नव्हतं.

मग टेक्क्योन मध्ये आलं कसं? जनरल चोई होंग-ही यांच्याच आठवणीत किस्सा आहे. १९५४ मध्ये सैनिकांचं प्रात्यक्षिक चालू होतं, नाम ते-ही यांनी एका ठोशात तेरा कौलं फोडली, आणि सिंगमन री खूश होऊन म्हणाले, हे तर टेक्क्योन! कौलं फोडणं आणि टेक्क्योन यांचा संबंध नाही, पण राष्ट्राध्यक्षांना दुरुस्त कोण करणार? शिवाय जपानचं राज्य जाऊन दहा वर्षंही झाली नव्हती, आपण जपानी विद्या शिकवतो असं म्हणून कोरियात कोण उभं राहणार? १९५५ मध्ये चोई यांनी ‘तायक्वांदो’ हे नाव पुढे केलं. उच्चारात टेक्क्योनची आठवण यावी ही त्यामागची सरळसरळ इच्छा होती. नाव आधी जोडलं, वंशावळ मागाहून लिहिली.

लाथांचा प्रश्न खरा आहे. माझं मत सांगते, पटलं तर घ्या. १९६० च्या दशकात तायक्वांदोचे सामने छातीला संरक्षक कवच बांधून, पूर्ण जोराने व्हायला लागले. तोंडावर ठोसा मारायला मनाई, पण लाथ चालते. असा नियम केल्यावर दहा वर्षांत सगळ्यांचे पाय वर जाणारच. नियम बदला की शरीरं बदलतात. आणि तो नियम कोरियातच सुचला, इथल्या लोकांना पायांच्या खेळाचं वावडं नव्हतं, यात जुन्या गल्लीतल्या खेळाची सावली असेलही. एवढं मी मान्य करते. पण सावली दिसली म्हणजे बापाचं नाव कळलं असं होत नाही.

खडूस_काका

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो.

किकबहाद्दर

ठीक, अर्धं पटलं. पण मग टेक्क्योन तरी शुद्ध कुठे राहिलं? शिन यांनी त्याला अभ्यासक्रमात बसवलं, असं मीही वाचलंय.

मृ_सोलहून

आता बोललात! हाच खरा नाजूक मुद्दा आहे आणि इथले टेक्क्योनवाले यावरूनच आपसात भांडतात.

सोंग यांच्या लहानपणी टेक्क्योनला पट्टे नव्हते, ठरलेले पाठ नव्हते. बघायचं, खेळायचं, पडायचं, पुन्हा खेळायचं. ती रीत वस्ती खेळत असेपर्यंत चालते. एकच म्हातारा उरल्यावर कशी चालणार? शिन यांनी आधी एकट्याने सराव, मग जोडीने सराव, मग प्रत्यक्ष सामना अशा पायऱ्या लावल्या, आणि एकट्याने करून दाखवायची हालचालींची क्रमवार मालिकाही बसवली. त्यावर टीका होते की मूळ खेळात हे नव्हतं. नव्हतंच. पण हे केलं नसतं तर सरकारला काय दाखवलं असतं आणि शाळेतल्या चाळीस पोरांना एकदम शिकवलं कसं असतं, याचं उत्तर टीकाकारांकडून मला मिळालेलं नाही.

परिणाम असा की आज संघटना तीन-चार आहेत. छुंगजूमध्ये शिन यांची परंपरा, तिथे टेक्क्योनचं मोठं केंद्र आहे आणि १९९८ मध्ये जागतिक मार्शल आर्ट महोत्सवही तिथेच सुरू झाला. ली योंग-बोक यांनी १९९१ मध्ये काढलेली संघटना खेळ म्हणून प्रसार करते. दो ग्ही-ह्यॉन यांची ‘ग्यॉल्ल्यॉन टेक्क्योन’ वस्ती विरुद्ध वस्ती हे जुनं रूप धरून आहे, त्यांचे पाच विरुद्ध पाच सामने पाहण्यासारखे असतात, जिंकलेला गडी मैदान सोडत नाही. आणि सोंग यांच्याकडे थेट शिकलेल्यांची ‘विदे टेक्क्योन’ नावाची शाखा आहे. प्रत्येकाला वाटतं आपलीच पावलं खरी. मी एका वर्गात कंबर ठळकपणे पुढे काढून लवायला शिकले, दुसरीकडे नुसती बघायला गेले तर तिथे तेवढं लवणं नव्हतंच. कोण बरोबर हे मला विचारू नका. एकाच माणसाकडे वेगवेगळ्या वर्षी शिकलेले लोक आहेत हे. आजोबा सत्तरीत जे करायचे ते नव्वदीत तसंच करत असतील का?

पिवळापट्टा

सगळ्यांचे आभार, विशेषतः मृताईंचे. शेवटची शंका. सरळ लाथ निषिद्ध, ढकलायचं फक्त, मग खऱ्या मारामारीत याचा उपयोग काय? व्हिडिओखाली कुणीतरी ‘येतबॉप’ असा शब्द लिहिला होता.

मृ_सोलहून

येतबॉप म्हणजे सामन्यात न चालणारे जुने डाव. सरळ लाथ त्यात येते, हाताने मारायचे प्रकारही येतात. सोंग यांनी ते काही शिष्यांना दाखवले होते.

काही डाव सीमेवरचे आहेत. ‘काल्जेबी’ घ्या. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्याने समोरच्याच्या गळ्याशी ढकलायचं. सामन्यात ते तोल घालवण्यापुरतं, म्हणजे तो मागे रेलला की तुमचा पाय त्याच्या टाचेमागे आधीच पोचलेला असतो. तोच हात झटक्यात मारला तर श्वास अडकेल. आमच्या वर्गात हे शिकवताना शिक्षक आधी स्वतःच्या गळ्यावर करून घ्यायचे, मग जोड्या लावायचे, आणि जोर किती लावायचा ते प्रत्येकाच्या शेजारी उभं राहून बघायचे. सरळ लाथ मात्र आम्हाला फक्त गादीवर मारायला दिली, माणसावर एकदाही नाही.

तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओत जो उताणा पडला तो बहुतेक ‘तानजुक’ने, म्हणजे समोरच्याचा पाय आपल्या पायाने बाजूला मारून किंवा ओढून. तो बिनधास्त करून बघा, पण गवतावर.